एक मिनिटही न चुकणारं घड्याळ

चिऊने आजोबांचं घड्याळ दुधाच्या पेल्यात सोडलं आणि वर समाधानाने म्हणाली, "बुडुक."

चिऊच्या आईने इस्त्री टाकून धाव घेतली. घड्याळ साधंसुधं नव्हतं. रोज सकाळी आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसून सासरे त्याला चावी द्यायचे, मनगट डोळ्यांसमोर धरायचे आणि जाहीर करायचे, "आठ बारा." की घरात आठ बारा वाजायचे. ती खुर्ची कोणी वीतभर सरकवलेलीही त्यांना खपत नसे. डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी घड्याळ सुनेच्या ओंजळीत ठेवलं होतं. "एक मिनिट चुकत नाही हो. जप." लग्नाला पाच वर्षं झाली होती, त्यांनी विश्वासाने तिच्या हाती दिलेली ही पहिलीच वस्तू. आणि ते उद्या संध्याकाळी घरी यायचे होते.

तिने घड्याळ पुसून कानाला लावलं. आत सामसूम. मागे इस्त्रीने शर्टाची पाठ तपकिरी केली होती.

ज्याचा शर्ट, त्यालाच तिने फोन लावला. शर्टाचं अर्थात बोलली नाही.

"तांदळात ठेव," नवरा म्हणाला. "माझा मोबाइल नाही का तसाच वाचला?"

तासाभराने तिने तांदळाचा डबा उघडला. घड्याळ बंदच होतं, वर पट्ट्याला दाणे चिकटून नटलंही होतं.

चिऊला काखोटीला मारून ती बाजारात निघाली. पहिल्या दुकानदाराने न बघताच हात पुढे केला. "सेल टाकून देतो, ताई."

"यात सेल नसतो. चावी द्यावी लागते."

"रोज?"

"रोज."

"कोण देतं?"

"सासरे."

"मग त्यांना सेलचं घेऊन द्या ना. सुटतील बिचारे."

दुसरं दुकान काचेचं, गारेगार. तिथल्या मुलीने घड्याळ दोन बोटांत धरलं, जणू मेलेली पाल. "असलं आम्ही ठेवत नाही, मॅडम." शेवटी एका चष्मेवाल्याला दया आली. "शिवणयंत्रवाल्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर जा. म्हाताऱ्याने दुकान बंद केलंय, पण हात अजून शिवशिवतात."

तीन मजले चढून ती पोचली तेव्हा चिऊ झोपलेली आणि तिचा स्वतःचा श्वास फुललेला. म्हाताऱ्या कारागिराने डोळ्याला भिंग लावलं.

"दूध?"

"हो."

"आणि हा तांदूळ?"

तिने मान खाली घातली.

"चावी द्यायची असते, ताई. जेवायला नाही घालायचं." त्याने मागचं झाकण उघडून आत बघितलं. "दूध आत गेलेलंच नाही."

"मग बंद का पडलं?"

"स्प्रिंग तुटलीय. नऊ वर्षांपूर्वी."

"नऊ वर्षं कशी असतील? सासरे रोज—"

"हे बघा." झाकणाच्या आत सुईने कोरलेली बारीक तारीख होती. "ही माझी खूण. तेव्हा म्हटलं, नवी स्प्रिंग बसवतो. तर म्हणाले, राहू द्या. आमच्या हिने शेवटची चावी दिली तेव्हा तुटलीय, तशीच असू द्या. तेव्हापासून चावी नुसतीच फिरतेय."

तिच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची आली. आणि खुर्चीच्या बरोब्बर समोर, भिंतीवरचं घड्याळ. घराबाहेर सासऱ्यांनी कधी कोणाला वेळ सांगितल्याचं तिला आठवेना. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि तिला हसू फुटलं.

"आता बसवू का? तासाभराचं काम आहे."

"नको, काका. तेवढे तांदूळ काढून द्या."

दुसऱ्या संध्याकाळी सासरे आले. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा. खुर्चीत टेकले, घड्याळ बांधलं, चावी दिली.

चिऊने मनगटाकडे बोट दाखवलं. "बुडुक."

"काय म्हणतेय गं ही?"

"वेळ विचारतेय, बाबा."

सासऱ्यांनी मनगट नाकापर्यंत नेलं. मग समोरच्या भिंतीकडे बघितलं. मान पुढे काढली, डावीकडे कलवली, चष्मा वर केला. सगळं धूसर. घर वाट बघत थांबलं.

"सूनबाई," ते शेवटी म्हणाले, "ते भिंतीवरचं काय दाखवतंय? माझ्याशी जुळवून बघतो."

"सहा अठरा, बाबा."

त्यांनी मनगटाकडे नीट निरखून पाहिलं.

"सहा वीस," ते म्हणाले. "तुमचं दोन मिनिटं मागे आहे."

"असेल, बाबा," ती म्हणाली. तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे केलं.