चौदा नंबरच्या आवारातली माहिती सभा

आवारात युर्ट, म्हणजे नमद्याचा गोल तंबू, उभारून नागरिकांना माहिती द्यायची, असा निर्णय तुर्दुबेकने ऑगस्टातल्या एका मंगळवारी घेतला. नगरपालिकेच्या माहिती विभागाचा तो प्रमुख होता (विभागात दुसरे कोणीच नसल्यामुळे या पदासाठी त्याला स्पर्धा नव्हती), आणि तीन महिन्यांत त्याने चौदा नंबरच्या इमारतीच्या दारांवर अकरा पत्रके चिकटवली होती. मजकूर निःसंदिग्ध होता. घरे गरम ठेवणारे जुने पाइप बदलण्याचा निम्मा खर्च पालिका उचलेल, निम्मा रहिवाशांनी वाटून घ्यावा. चाळीसपैकी सत्तावीस घरांची सही आणि पहिला हप्ता शुक्रवारपर्यंत न आल्यास पालिकेचा वाटा दुसऱ्या इमारतीला जाईल.

आतापर्यंत एक सही आली होती. ती त्याची स्वतःची होती. तो तिथेच तिसऱ्या मजल्यावर राहत असे, आणि मागचा अख्खा हिवाळा त्याच्या बायकोने, सालकिनने, ओव्हरकोट घालून स्वयंपाक केला होता.

"यंदा मी थंडीत माहेरी जाणार," तिने बजावून ठेवले होते. "तुम्ही बसा तुमची पत्रकं पांघरून."

युर्टची कल्पना ऐकून तिने हातातली सुरी खाली ठेवली. "इमारतीच्या आवारात युर्ट लागला म्हणजे कुणीतरी गेलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"म्हणून तर दारावर पाटी लावतोय. हातभर अक्षरांत. 'माहिती सभा'."

"आणि ती वाचणार कोण?"

हा प्रश्न त्याला अशास्त्रीय वाटला.

गुरुवारी सकाळी पालिकेचा सणासुदीचा नमद्याचा युर्ट आवारात उभा राहिला. दाराशी टेबल, टेबलावर नाव, घर क्रमांक आणि रक्कम लिहिण्याची वही, शेजारी पत्र्याची पेटी. कुरकुरत का होईना, सालकिनने सभेच्या चहाबरोबर द्यायला टोपलीभर बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळायला घेतले. तळणीचा वास जिन्यातून पाचही मजल्यांवर गेला. (हा वास गेलेल्यांच्या आत्म्यांपर्यंत पोचतो, असे सगळे मानतात. तुर्दुबेकही मानत असे. फक्त कार्यालयीन वेळेत त्याला ते आठवत नसे.) मग तो ध्वनिवर्धक आणायला कचेरीत गेला. भांडारपालाने अर्ज मागितला, अर्जावर शिक्का मागितला, आणि यात सव्वा तास गेला.

तो परतला तेव्हा आवार भरून गेले होते. पुरुष काठ्यांवर ओणवे होऊन "अरे माझ्या भावा" म्हणत हंबरडा फोडत होते. युर्टच्या आतून बायकांचा विलाप येत होता. आणि टेबलापुढे रांग होती. अशा प्रसंगी प्रत्येक घर आपला वाटा, कोशुम्चा, घेऊन येते. त्यासाठी कुणाला कधी पत्रक लागलेले नाही. लोक शिस्तीत नाव लिहीत, घर क्रमांक लिहीत, सही करत आणि पेटीत पैसे टाकत. ते दृश्य पाहून तुर्दुबेकचा ऊर भरून आला. मग त्याने बारा नंबरच्या इमारतीतल्या एका टोपीवाल्याला विचारले, "कोण गेलं?"

"तिसऱ्या मजल्यावरचा. तो पत्रकवाला."

"कशानं?"

"काय माहीत. जन्मभर लोकांच्या दारांवर कागद चिकटवत फिरला, पण स्वतः जाताना काही कळवलं नाही."

तुर्दुबेकला राहवेना. "माणूस कसा होता?"

टोपीवाल्याने प्रामाणिकपणे विचार केला. "डिंक चांगला वापरायचा. कागद खरवडूनही निघायचा नाही."

युर्टच्या आत टोपली घेऊन आलेली सालकिन बायकांच्या वेढ्यात सापडली होती. "अहो, ते जिवंत आहेत. भोंगा आणायला गेलेत."

"पहिल्या दिवशी असंच वाटतं, बाळ," तळमजल्यावरच्या उरकुया आपांनी तिला छातीशी धरले. "माझे हेसुद्धा दोन दिवस बाजारातच गेले होते."

बाहेर ध्वनिवर्धक खरखरला. "नागरिकहो, मी जिवंत आहे."

विलाप थांबला. ज्याने सर्वांत मोठ्याने रडून घेतले होते, त्याच्या चेहऱ्यावर उघड नाराजी दिसली. रांगेतून कोणीतरी विचारले, "मग आमच्या पैशांचं काय?"

उरकुया आपा बाहेर आल्या. त्यांनी वही हातभर लांब धरून मथळा वाचला. "हा तर पाइपांचा कागद आहे."

"हो, आपा. अकरा वेळा लावलाय."

"मग नीट सांगायचं ना."

तुर्दुबेकने ध्वनिवर्धक बंद केला.

"युर्टच्या दारात दिलेलं परत घ्यायचं नसतं," आपांनी जमावाला सुनावले. "घेतलं तर हा खरंच जायचा. राहू दे पाइपांना."

दोघा-तिघांनी तुर्दुबेककडे पाहत या सौद्याचा जरा विचार केला. पण परत कोणी मागितले नाही. वहीत चौदा नंबरचीच चौतीस घरे भरली होती. नगराध्यक्षांना पाठवलेल्या अहवालात त्याने 'नागरिकांचा उत्स्फूर्त व भावपूर्ण प्रतिसाद' असे नोंदवले, जे अक्षरशः खरे होते.

सप्टेंबरात पाइप आले. त्याचबरोबर लांबलांबच्या गावांहून सांत्वनाला नातेवाईकही येऊ लागले. अखेरीस तुर्दुबेकने स्वतःच्या घराच्या दारावर बारावे पत्रक लावले: सदर गृहस्थ जिवंत असून कार्यरत आहेत. खाली जावक क्रमांक, सही, गोल शिक्का.

चाळिसाव्या दिवशी, म्हणजे गेलेल्याच्या नावाने जेवण घालायच्या दिवशी, सालकिनचा थोरला भाऊ मेंढा घेऊन आला. बूट काढताना तोल जाऊ नये म्हणून त्याने नेमका त्या पत्रकावर तळहात टेकला, आणि तसाच उभा राहून बराच वेळ रडला.

सालकिनने दार उघडले. घर छान उबदार होते, आणि ती माहेरी गेली नव्हती.

"रडून झालं की मेंढा आत घे, दादा," ती म्हणाली. "हे आत पत्रक लिहीत बसलेत."