टपावरचे सासरे

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, अम्मानच्या उत्तरेला दिबीनच्या जंगलात उभ्या असलेल्या एका पांढऱ्या इलेक्ट्रिक गाडीच्या टपावरच्या कापडी खोलीत बसून अबू निझार यांनी कॉफीचा पेला ओठालाही न लावता खाली ठेवला.

खाली उभा असलेला त्यांचा जावई वाएल त्या पेल्याकडे बघतच राहिला. त्यांच्याकडची रीतच होती: पाहुण्याने कॉफी न पिता ठेवली, की त्याचं काही मागणं असतं. यजमान "प्या, जे मागाल ते दिलं" असं म्हणेपर्यंत तो घोटही घेत नाही. आणि एकदा म्हटलं की दिलं, नंतर कुरकुर करायची सोय नाही.

मागणं काय असणार हे वाएलला पक्कं ठाऊक होतं. सहा महिन्यांपूर्वी त्याने अम्मानमधली खिडक्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडली, तेव्हापासून दर शुक्रवारी सासरे एकच गोष्ट सांगत होते: मंत्रालयाच्या गोदामात माझ्या ओळखीने जागा आहे, चिकटून जा. आज येताना तर गाडीत त्यांनी घसा खाकरून "आज तुझ्याशी जरा बोलायचंय" असंही म्हटलं होतं. आणि आजच तीन वाजता नवाफ, ज्यांना सगळे आदराने उस्ताज म्हणत, वाएलने बनवलेली ही खोली बघायला येणार होते. त्यांच्याकडे भाड्याने द्यायच्या बारा इलेक्ट्रिक गाड्या होत्या. त्यांनी त्यांच्यासाठी बारा खोल्या बनवायला सांगितल्या तर वाएलचा धंदा उभा राहणार होता. नाहीतर होतंच गोदाम.

खोली मात्र मनापासून केलेली होती. गाडी चालताना तिच्या टपाला पंचाहत्तर किलोंवर वजन चालत नव्हतं, आणि वजन वाढलं की बॅटरी चढावर धापा टाकायची. वाएलने फोमच्या फळ्या आणि ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरल्या, स्क्रूंची डोकीसुद्धा कानशीने घासली आणि सगळं अठ्ठावन्न किलोंत बसवलं. पाच पायऱ्यांची शिडी दोन किलोंची, तिला कठडा नाही. गाडी उभी असताना खोलीची अर्धी जमीन बाहेर उलगडून अधांतरी राहायची. तिच्यावर आणि आत मिळून दोन माणसांनी झोपावं असा हिशेब होता. अगदीच ताणलं तर तीनशे किलो.

दारावर त्याने लाल रंगात 'फक्त दोन माणसे' असं लिहिलं होतं. पण जिभेवर काही लिहिता येत नाही. कोणी जवळ येऊन वर पाहिलं, की वाएलच्या तोंडून आपोआप निघायचं, "या ना, वर या, तुमचंच घर आहे." लोक छातीवर हात ठेवून नको म्हणायचे आणि पुढे जायचे. एकशे बारा किलोंचे अबू निझार मात्र आज "बघू तरी" म्हणून खरोखरच चढले होते.

"म्हणून टाक ना एकदाचं," त्याची बायको सुहैर म्हणाली. कॉफी तिनेच वर दिली होती.

"आणि ते म्हणाले, रविवारी आठवडा सुरू झाला की गोदामात ये, तर?"

"तर जाशील. इतका वेळ बाबांना ताटकळत ठेवतोस, लोक बघतायत."

लोक बघतच होते. शेजारच्या शेगडीवर मांस भाजत असलेले अबू जिरिस, निवृत्त मुख्याध्यापक, हातातल्या सळईसकट जवळ आले. "काय हो इंजिनिअरसाहेब, वरचे हाजी रागावलेत का?"

"छे छे, तसं काही नाही. या ना, वर या," वाएल म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

सळई सुहैरच्या हातात देऊन अबू जिरिस चढले. दोन माणसांमधला तंटा मिटवायची संधी त्यांनी पस्तीस वर्षांच्या नोकरीत कधी सोडली नव्हती. सुहैरला त्यांनाही कॉफी द्यावी लागली. वाएलने मनात बेरीज केली: एकशे ब्याण्णव.

"काय मागणं आहे, हाजी?" वरून आवाज आला.

"ते मी यजमानालाच सांगेन."

"मग यजमान बोलेपर्यंत मीही पिणार नाही!" असं म्हणून अबू जिरिस यांनी आपलाही पेला खाली ठेवला.

"आता दोन झाले," सुहैर दातओठ खात म्हणाली. "अजून किती व्हायची वाट बघतोयस?"

तिसरा व्हायला फार वेळ लागला नाही. उस्ताज नवाफ वेळेच्या वीस मिनिटं आधीच बायकोला घेऊन आले. टपावर दोन वयस्कर गृहस्थ मांडी घालून गप्प बसलेत आणि समोर दोन भरलेले पेले आहेत, हे पाहताच त्यांनी कोट नीट केला. अशा प्रसंगी प्रतिष्ठित माणसाने बघत उभं राहणं बरं दिसत नाही.

"मी बोलून बघू का त्यांच्याशी?"

नको म्हणायचं वाएलने पक्कं ठरवलं होतं. "या ना," तो म्हणाला, "तुमचंच घर आहे."

नवाफ चढले आणि सुहैरने तिसरा पेला वर दिला. ते पंचाण्णव किलोंचे तरी असावेत. दोनशे सत्त्याऐंशी. नळ्या जोडणारा एक रिव्हेट करकरला. अधांतरी फळी बोटभर खाली झुकली. वाएल सहज टेकल्यासारखं दाखवत तिच्याखाली गेला आणि त्याने खांदा लावला.

"तुम्ही खाली काय करताय?" नवाफ यांनी कापडातून डोकं बाहेर काढलं. "यजमानाशिवाय बैठक कसली? या वर!"

"मी... मी इथेच बरा आहे. सावली आहे."

"त्याला काय झालंय?" नवाफ यांच्या बायकोने विचारलं.

"विचार करतोय," सुहैर म्हणाली. "सहा महिने झाले."

वर कुजबुज सुरू झाली. फोमची फळी दोन सेंटिमीटर जाडीची होती. हलकी होती म्हणूनच वाएलने ती निवडली होती, आणि आता त्याचा कान तिलाच चिकटलेला होता.

"खरं सांगू, उस्ताज?" अबू निझार यांचा आवाज होता. "मागणंबिगणं काही नाही. गुडघा अडकलाय. वर आलो खरा, पण त्या शिडीवरून आता उतरवत नाही. मुलीसमोर हे कसं सांगू? म्हणून पेला ठेवला. म्हटलं, तेवढ्यात मोकळा होईल."

"एवढंच?" नवाफ म्हणाले. "त्याने नोकरी सोडलीय ना, मला वाटलं नोकरीचंच काहीतरी."

"कसली नोकरी? गोदामातली ती जागा गेल्या महिन्यातच भरली. माझ्या ओळखीला कोणी विचारलंसुद्धा नाही. आज त्याला तेच सांगणार होतो, पण जीभ रेटेना."

वाएलच्या खांद्यावर जवळजवळ तीनशे किलो होते, पण त्या क्षणी त्याला ते पिसासारखे वाटले. छातीवरची धोंड उतरली होती. त्याने फुफ्फुसं भरून हाक मारली.

"काका, कॉफी प्या! जे मागाल ते दिलं! घर, गाडी, काय हवं ते मागा!"

आसपासच्या शेगड्यांवरून वाहवा झाली. सुहैरने कपाळावर हात मारला. वर अबू निझार यांना मात्र आता चारचौघांत काहीतरी मागणं भाग होतं.

"शिडीला कठडा लाव," शेवटी ते म्हणाले. "माझ्यासाठी नाही. लोकांसाठी सांगतोय."

"लावला!"

अबू निझार यांनी गार झालेली कॉफी एका घोटात संपवली. पाठोपाठ अबू जिरिस यांनीही.

"आता हाजींना शिडीने उतरवणं शोभत नाही," नवाफ खाली बघून मोठ्याने म्हणाले. "एखादी गाडी मागे लावा."

अबू जिरिस यांनी तत्परतेने शिडीने उतरून आपली पिकअप आणली आणि खोलीला टेकवून लावली. अबू निझार हौद्यात असे उतरले, जणू त्यांचं स्वागत करायलाच ती आली होती. वाएलने आधी हात दिला, मग खांदा. गुडघ्याबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. सासऱ्यांनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग त्या फळीच्या जाडीकडे, आणि ते नुसतेच हुंकारले.

"आणि ते गोदामाचं, काका?" वाएलने साळसूदपणे विचारलं.

"कसलं गोदाम? इथे तीन माणसं टपावर बसली आणि तुला गोदाम सुचतंय!"

नवाफ मात्र अजून वरच होते. वाएलने पाहिलं, त्यांचाही पेला समोर तसाच भरलेला होता.

"उस्ताज, प्या ना," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याच्या जिभेने परस्पर पूर्ण केलं, "तुम्हालाही दिलं."

"मग ही गाडी एक रात्र द्या. मी आणि बायको झोपून बघतो. माझी गाडी तुम्ही घेऊन जा. उद्या दुपारी बारापर्यंत आणून देतो."

त्यांनी कॉफी प्यायली.

शनिवारी बारा वाजता गाडी आली नाही. साडेचारला संदेश आला: पार दक्षिणेत दानाला पोचलोय, बायकोची बहीणही आली, अजून एक रात्र ठेवतो. जवळ चार्जर कुठे आहे? वाएलने पत्ता पाठवला आणि सोबत, जरा भीत भीत, बारा खोल्यांचं काय ठरलं असंही विचारलं. उत्तरादाखल नुसता वर केलेला अंगठा आला. तो पत्त्यासाठी होता की खोल्यांसाठी, ते कळेना.

"ऑर्डर मिळाली की गाडी गेली?" सुहैरने विचारलं.

"खोली अजून उभी आहे, एवढं नक्की," वाएल म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी तो दोनदा मागून घेत पोटभर जेवत होता.

रविवारी संध्याकाळी सहापर्यंत गाडी परत आलेली नव्हती.