टेस्टिंगची बाटली

"प्रेशर मला शिकवू नकोस! बत्तीस वर्षं प्रेशरच्याच जोरावर पोट भरतोय!"

असं प्लंबरकाका म्हणाले तेव्हा त्यांच्या डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट होतं, हातात पाइपचा पाना होता आणि समोर बाथरूमच्या बादलीत एक हिरवी बाटली उभी होती. काकू दाराआड होत्या. घरात हेल्मेट एकच होतं.

ही बाटली आली कुठून, ते आधी सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी काकांच्या एकुलत्या एका लेकीनं इटलीहून वाइन मागवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. चव घ्यायची, पारखायची आणि विकायची, हे तिचं काम. काका भडकले. "दारू विकणार? मग या घराची पायरी चढू नकोस!" बोलून बसले! आणि लेक पडली बापाच्याच वळणाची, तिनं खरोखर पायरी सोडली. काकू तिच्याशी फोनवर बोलायच्या तेव्हा काका बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज हळूच बारीक करायचे. तेवढ्यावर दोन वर्षं काढली बिचाऱ्यांनी.

आणि या शुक्रवारी कुरिअरनं ही बाटली आली, फेसाळ वाइनची, बुचावर तार आवळलेली. सोबत चिठ्ठी होती. "बाबा, रविवारी दुपारी येते. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, आपण एकत्र उघडू. एक घोट घ्या आणि मग माझ्या कामाबद्दल काय ते बोला. नाहीच पटलं तर आल्या पावली परत जाईन, पुन्हा विषय काढणार नाही."

काकांनी चिठ्ठी चारदा वाचली. शनिवारी सकाळी उठले ते गंभीर चेहऱ्यानंच.

"अगं, माझं तोंड तुला माहीत आहे. मनातलं सगळं त्यावर उमटतं. उद्या कडू लागली आणि तोंड वाकडं झालं तर? पोरगी उठून जाईल!"

"मग?"

"भिंत बुजवण्याआधी लाइन टेस्ट करतात की नाही? आजच टेस्टिंग करून टाकू. चव कळली की उद्या तोंड सरळ ठेवता येईल."

"आणि उद्या ती आल्यावर काय उघडणार?"

"परत बूच लावायचं! जन्मभर दुसरं काय केलंय मी?"

तर आता काकांनी पकडीनं तार सोडवली, पान्यात बूच धरलं, डोळे मिटले आणि बाटली फिरवली. काकूंनी कानांत बोटं घातली. दोघांनी श्वास रोखला.

फुस्स.

बस्स, एवढंच! काकांनी हेल्मेटची काच वर केली. अपमान झाल्यासारखे ते बाटलीकडे बघत राहिले. मग स्टीलच्या पेल्यात दोन बोटं ओतली. बारीक बारीक बुडबुडे वर आले, आणि बाथरूममध्ये फिनेलच्या वासावर फुलांचा, मधाचा, सोललेल्या संत्र्याचा वास पसरला. काकांनी औषध घेतल्यासारखा घोट घेतला.

"गोड आहे!" ते ओरडले. "अगं, ही चक्क गोड आहे!"

काकूंनी चष्मा लावून लेबल वाचलं. "अल्कोहोल साडेपाच टक्के म्हणे."

"म्हणजे काहीच नाही की!"

पण एका टेस्टिंगवर काका कधीच विसंबत नाहीत. दुसरं झालं. तिसऱ्याला काकूंनी आपला पेला आणला. दोघं बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून नशेची वाट बघू लागले. मधूनच काका उठायचे आणि फरशीच्या रेघेवरून चालून दाखवायचे. रेघ काही हलेना. बोलणं मात्र निघालं, ते लेकीचंच. लहानपणी ती भाजीसुद्धा आधी हुंगून मग खायची, आणि त्यावरून काका तिला रागवायचे. "नाक चांगलं आहे पोरीचं," काका म्हणाले, "मलाच कळलं नाही." काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि पेला पुढे केला. काकांनी बाटली कलंडवली. एक थेंब पडला.

बाटली संपली होती!

मग जी पळापळ झाली! कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढऱ्या द्राक्षांचा रस आणला, सोडा आणला, मापानं भरला. आता बूच. पण तळाशी फुगलेलं ते बूच आत जाईल तर शपथ! काकांनी ते कानशीनं घासलं, त्यावर नळाच्या टेफ्लॉन टेपचे अकरा वेढे दिले, ठोकून बसवलं आणि वरून पाइपाला लावतात ती स्क्रूची लोखंडी क्लिप आवळली.

"आता बॉम्ब पडला तरी गळणार नाही," ते म्हणाले. आवाजात दम नव्हता.

रविवारी लेक आली. सोफ्याच्या कडेवर पाहुण्यासारखी बसली. काकूंनी बाटली आणून ठेवली आणि स्वयंपाकघरात काहीतरी राहिल्यासारखं केलं.

लेकीनं बाटलीकडे पाहिलं. "बाबा, हे काय?"

"क्लिप. पाऊण इंची."

"ते दिसतंय."

"कंपनीचं पॅकिंग कच्चं होतं."

तिनं शांतपणे स्क्रू-ड्रायव्हर मागितला. बूच निघालं. पेला नाकाशी नेला, एक घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले.

"डबाबंद रस," ती म्हणाली. "आणि सोडा. सोडा जास्त झालाय. बाबा, माझी बाटली कुठे गेली?"

"टेस्टिंगमध्ये."

"अख्खी?"

"लाइन लांब होती."

लेक हसली नाही. तिचा हात पेल्यावर घट्ट झाला. "कशी होती?"

काकांचं तोंड वाकडं झालं, पण ते चवीनं नव्हे. "चुकलं माझं," ते म्हणाले. "त्या दिवशी जे बोललो ते सगळंच चुकलं. काम चांगलं करतेस तू. गोड होती. फार लवकर संपली."

मग लेक सोफ्यावर मागे सरकून नीट टेकून बसली आणि तिनं तो रस-सोडा एका दमात संपवला.

"पुढच्या रविवारी दोन आणते," नाक ओढत ती म्हणाली. "एक उघडायला, एक तुमच्या टेस्टिंगला."

काकांनी क्लिप उचलली आणि खिशात टाकली.

"मग शनिवारीच ये की," ते म्हणाले. "टेस्टिंग शनिवारी असतं."