बखर दुबार शुद्ध केलेल्या पिचकाऱ्यांची

श्री. जें तेज दिसत नाहीं परंतु पार जातें, त्यास आधीं नमस्कार. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मासीं राज्यांत हुकूम जाहला कीं, कार्तिकांत तीनशें चाळीस लेकरांस लस टोचावी. त्याकरितां प्लास्टिकच्या पिचकाऱ्या पेटीबंद करून किरणघरीं पाठविल्या, आणि तेथील उस्ताद इब्राहीमभाई यांणीं एक वेळ गामा किरण देऊन, जंतू निःशेष मारून, परत केल्या. मग दवाखान्याचे कोठीवाले धोंडोपंत, सोवळ्याचे बहुत कडक, बोलिले, "गाडीवानानें बिडीचा हात पेट्यांस लाविला. पुन्हा किरण द्या." उस्ताद म्हणाले, "पंत, पेटी बंद आहे, आंत कांहीं जात नाहीं. आणि या प्लास्टिकास दुसरा मारा सोसत नाहीं." पंत म्हणाले, "आम्ही दोनदां स्नान करितों, आम्हांस काय जाहलें?" मग उस्तादांनीं पंतांची सही घेतली आणि दुसरा मारा केला.

पेट्या आल्या ते दिवशीं पिचकाऱ्या लखलखीत, आणि पंत मिशीवर ताव देते जाहले. परंतु आंत फितुरी माजली होती. प्लास्टिक म्हणजे कणांच्या लांब साखळ्या. त्या दुसऱ्या माऱ्याच्या किरणांनीं फार तोडिल्या, आणि तुटक्या टोकांनीं पेटींतल्या हवेच्या प्राणवायूशीं संधान बांधून शेजारच्या साखळ्याही तोडावयास आरंभ केला. किरण थांबले तरी फितुरी सहा महिने चालली, आणि पिचकाऱ्या पिवळ्या पडल्या, त्यास पंत "तेज चढलें" ऐसें म्हणत.

मग कार्तिकांत लेकरें जमलीं. दवाखान्याच्या मुख्य परिचारिका फुलवंताबाई पिवळेपण पाहून म्हणाल्या, "पंत, ही मी पोरांस लावणार नाहीं. आधीं पाणी भरून पाहतें." आणि दांडा दाबितांच पिचकारी कडकन मोडली, पाणी पंतांचे धोतरावर उडालें, आणि रडतीं लेकरें हसूं लागलीं. पंतांनीं दुसरी घेतली, तिसरी घेतली, तीच गत. तोंड उतरलें, लेकरें माघारीं जाणार, आणि कोठीही जाणार! तेव्हां बाई म्हणाल्या, "बसा. एकदांच किरण लागलेल्या चार पेट्या, दुसऱ्या माऱ्यास जाण्याआधीं, तुम्ही आपल्या दुसऱ्या स्नानास गेलांत तेव्हांच मी उचलिल्या. त्या चांगल्या आहेत."

"मग मला सांगायचें तरी होतें, बाई!"

"सांगितलें असतें, तर तुम्ही त्यांसही न्हाऊं घातलें असतें."

मग दिवस मावळण्याआधीं सर्व लेकरांस टोचून जाहलें. पंतांची कोठी राहिली, किल्ली मात्र बाईंच्या कमरेस गेली. येणेंप्रमाणें किरणांनीं जंतू मारिले, पंतांनीं पिचकाऱ्या मारिल्या, बाईंनीं लेकरें राखिलीं. जैसें जाहलें तैसें लिहिलें. वाचणारानें अधिक शुद्ध करूं नये.