बोराड्यांचा बिबट्या

बोराडे भाऊजींनी माझ्या नवऱ्याला बिबट्या केलं, तेव्हा मी गच्चीत दोरीवरचे कपडे काढत होते. खाली अंगणात अमित चार पायांवर चालत होता. बँकेत मॅनेजर असलेला माणूस, गुडघ्यांना माझ्या योगाच्या चटईचे तुकडे बांधून, कंपाउंडच्या भिंतीकडून कचऱ्याच्या डब्याकडे सरकत होता. दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज येत होता, "अजून खाली, अमितराव. पोट जमिनीला टेकलं पाहिजे. बिबट्या असा कंबर वर करून चालत नाही."

"मग तुम्ही चाला की," अमित म्हणाला.

"मी चाललो तर बघणार कोण?"

भाऊजींच्या डोळ्याला कोणाकडून तरी दोन दिवसांसाठी मागून आणलेली नाइट व्हिजनची दुर्बीण होती. अंधारात बिबट्याच्या उंचीचं जनावर किती लांबून दिसतं, याची ती चाचणी होती. अमित डब्यापर्यंत पोचला तेव्हा गेटवरचा पठाण वॉचमन टॉर्च घेऊन आला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. शेवटी त्याने विचारलं, "साहब, कुछ गिर गया क्या?"

आम्ही अबू धाबीजवळ खलिफा सिटीत एका व्हिलाच्या वरच्या पोर्शनमध्ये राहतो, बोराडे खालच्या. दिलीप बोराडे एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत खरेदी खात्यात आहेत आणि घरातही ते खरेदी खात्यातच असतात. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्यांच्या घरात मिक्सरसुद्धा येत नाही. मग त्यांचं 'कम्पॅरेटिव्ह', म्हणजे तुलनेचा तक्ता, होतं, आणि मग निकाल लागतो: "लोएस्ट टेक्निकली अ‍ॅक्सेप्टेबल." म्हणजे चालण्यासारख्यांत सगळ्यात स्वस्त, हा त्यांचा मंत्र. मनीषा वहिनी म्हणतात, "मलाही तिसऱ्या नंबरला बघायला आले होते. आधीच्या दोघींत काय टेक्निकल खोट होती, ते अजून सांगत नाहीत."

अशा माणसाच्या आयुष्यात बिबट्या आला आणि आमच्या सगळ्या व्हिलाची झोप उडाली.

बिबट्या अर्थातच इथला नव्हे. जुन्नर तालुक्यात बोराड्यांची ऊसशेती आहे. तिथे भाऊजींचे वडील, अण्णा, एकटे राहतात. आई दीड वर्षापूर्वी गेली. इकडे या म्हटलं तर अण्णा म्हणतात, "तिथं वाळू बघत बसू का?" त्या भागात उसात बिबटे फिरतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण यंदा एक अण्णांच्याच बांधावर दिसायला लागला. त्यात शेतीची वीज आळीपाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की विहिरीवरची मोटार चालू करायला शेतकऱ्याने अंधारात उसाच्या कडेकडेने जायचं. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातात काठी आणि चिमणीएवढा उजेड देणारी बॅटरी. अण्णांनी हे फोनवर सांगितलं आणि भाऊजींचं त्या दिवसापासून दोन वेळच्या जेवणात लक्ष राहिलं नाही.

कोणीही दुसरा माणूस एक मोठा टॉर्च पाठवून मोकळा झाला असता. भाऊजींनी विषयाचा अभ्यास सुरू केला. अंधारात जनावर बघायची साधनं जगात सगळ्यात जास्त कोण वापरतं? रात्री कोल्हे-लांडग्यांच्या मागे जाणारे शिकारी. म्हणून भाऊजींनी त्यांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. अमेरिकेतले दाढीवाले शिकारी त्यांच्या घरचे झाले. "तो लाल दाढीवाला म्हणतो थर्मल घ्या, पण त्याला कंपनीचे पैसे मिळतात. पांढरी दाढी प्रामाणिक आहे." आणि हा अभ्यास करणारा माणूस कसा, तर झुरळाला पेल्याखाली धरून बाहेर सोडणारा. गोळी सुटायच्या आत ते व्हिडिओ बंद करत. त्यामुळे शेकडो शिकारी बघूनही त्यांच्या लेखी एकही कोल्हा मेलेला नव्हता.

गाडी अडली ती इन्फ्रारेड दिव्यापाशी. नाइट व्हिजनला जोडीला असा दिवा लागतो. त्याचा उजेड आपल्याला दिसत नाही, यंत्राला दिसतो. त्यात दोन जाती. साडेआठशे नॅनोमीटरचा दिवा लांबवर पोचतो, पण त्याच्या तोंडाशी बारीक लाल ठिपका दिसतो. नऊशे चाळीसचा अजिबात दिसत नाही, पण पल्ला कमी. शिकाऱ्याला ठिपका नको असतो, कारण जनावर बुजतं. भाऊजींना जनावर बुजायलाच हवं होतं. पण ते बुजेल की चिडेल? की "हे काय नवीन" म्हणून बघायला जवळ येईल?

"याच्यावर कोणीच रिव्ह्यू केलेला नाही, वहिनी," ते मला जिन्यात गाठून म्हणाले. "सगळे शिकाऱ्याच्या बाजूने बोलतात. ज्याची शिकार होऊ शकते त्याच्या बाजूने कोणी बोलतच नाही."

मी हातातल्या पिशव्या दुसऱ्या हातात घेतल्या.

त्यांची मुलगी सई म्हणाली, "बाबा, इट्स लिटरली अ बिग कॅट. जस्ट टेल आजोबा टू स्टे होम." भाऊजींनी तिच्याकडे असं बघितलं की पोर ताट घेऊन आत गेली.

एका शनिवारी आम्ही चौघं अबू धाबीत बहिरी ससाणे पाळणाऱ्यांच्या आणि वाळवंटात तंबू ठोकणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. काउंटरवर पेशावरचे एक खानसाहेब होते. त्यांनी आदराने विचारलं, "क्या मारते हैं आप? लोमड़ी? भेड़िया?"

"कुछ नहीं मारता," भाऊजी म्हणाले. "तेंदुआ है."

खानसाहेबांनी हातातला दिवा खाली ठेवला. "तौबा. वो तो आपके मुल्क में जुर्म है ना?"

"मारना नहीं है, भाईसाहब. सिर्फ देखना है. मेरे फादर को देखना है, कि वो है या नहीं है. और उसको भी दिखना चाहिए कि फादर है. लेकिन फादर को नहीं दिखना चाहिए कि मैं टेन्शन में हूं."

खानसाहेबांनी थोडा विचार केला. "हबीबी," ते म्हणाले, "ऐसा लाइट अभी बना नहीं."

तरीही त्यांनी सगळं काढून दाखवलं. बंदुकीवर बसवायच्या वस्तूंना भाऊजींनी हातसुद्धा लावला नाही. विमानतळावर पकडलं तर, ही दुसरी काळजी होतीच. हातात धरायच्या साध्या दुर्बिणीला परवानगी लागते का, हे त्यांनी ऑफिसातल्या पीआरओला, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या माणसाला, विचारलं होतं. तो म्हणाला होता, "इन्शाल्ला, नो प्रॉब्लेम." त्यातल्या इन्शाल्लामुळे भाऊजींचा प्रॉब्लेम वाढला होता. त्या दिवशी आम्ही काही न घेता परतलो. अजून तिसरं कोटेशन यायचं होतं.

काळजी सर्दीसारखी असते, एका घरातून दुसऱ्या घरात जाते. मी संध्याकाळी कचरा टाकायला जाताना डब्याच्या मागे बघायला लागले. मनीषा वहिनी सांगायच्या, हे रात्री उठून हॉलमध्ये येरझाऱ्या घालतात, डॉक्टरांनी बीपीची गोळी चालू केलीय. रोज रात्री जेवणं झाली की अण्णांना फोन व्हायचा, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात खालून भाऊजींचा आवाज यायचा. "अण्णा, निघालात का? काठी घेतली? मोबाइलवर गाणी लावा मोठ्याने. परत आलात की मिस्ड कॉल द्या." तो मिस्ड कॉल येईपर्यंत वर आमचीही भांडी घासून होत नसत.

मग एका सकाळी अण्णांच्या शेजाऱ्याचं कुत्रं गेलं. साखळी तशीच राहिली.

त्या दिवशी भाऊजींनी कोटेशन मागवलं नाही, कम्पॅरेटिव्ह केलं नाही. ऑफिसातून परस्पर खानसाहेबांकडे गेले आणि दुर्बीण, साडेआठशेचा दिवा आणि चार्जर घेऊन आले. पिशवी माझ्या दारात धरून म्हणाले, "वहिनी, तुम्ही शुक्रवारी पुण्याला चाललाय ना, भाच्याच्या मुंजीला?"

नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. पीआरओचं इन्शाल्ला कानात घेऊन मी कस्टमच्या रांगेत उभी होते आणि 'दुर्बीण आहे, पक्षी बघायला' हे वाक्य पाठ करत होते. साहेबांनी बॅगकडे पाहिलंच नाही. खजूर किती आणलेत एवढं विचारलं आणि सोडलं.

मुंजीच्या दुसऱ्या दिवशी भावाने मला गाडीने अण्णांकडे नेलं. पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. अण्णा टोपी सारखी करत पुढे आले, आम्हाला ओट्यावर बसवलं, स्वतः चहा केला. मी त्यांना यंत्र दाखवलं. त्यांनी ते डोळ्याला लावलं आणि अंधाऱ्या गोठ्याकडे वळवलं.

"आयला! म्हशीच्या पोटाखालचं पारडू दिसतंय की."

"भाऊजींनी सांगितलंय," मी म्हणाले, "मोटारीकडे जाताना आधी यातून बघायचं, मगच पाऊल टाकायचं."

अण्णांनी यंत्र खाली ठेवलं आणि बशी उचलली. तेवढ्यात वीज आली. ओट्यावरचा दिवा लागला आणि पाठोपाठ लांब विहिरीकडून मोटारीची घरघर सुरू झाली. अण्णा माझ्यासमोर बशीतून चहा पीत होते.

"अण्णा, मोटार कोणी चालू केली?"

त्यांनी बशी खाली ठेवली. चोरी पकडली गेल्यासारखं त्यांचं तोंड झालं. "ऑटो हाय," ते म्हणाले. "लाइट आली की आपसूक पडतीया. दोन वरसं झाली बसवून. रातचं कोण जातंय वावरात? म्या काय येडा हाय का?"

मला अमितचे गुडघे आठवले. भाऊजींची गोळी आठवली. मी चांगलीच तापले. "अहो, तिकडे त्यांना झोप नाही! आणि तुम्ही रोज..."

"त्याला सांगू नगंस, पोरी." अण्णा माझ्याकडे न बघता बोलत होते. "त्याची आय व्हती तवर तीच बोलायची फोनवर. म्या शेजारी बसून ऐकायचो. ती गेली, मंग त्याचा फोन आठ दिसातून. बरंय का? बरंय. पाऊस? न्हाई. झालं, ठेवला. बिबट्याचं कळलं तवापासून रोज येतो. आर्धा आर्धा तास बोलतो पोरगा."

परतीच्या विमानात मी मनाशी दहा वेळा ठरवलं आणि अकरा वेळा मोडलं. सांगावं, तर म्हाताऱ्याचा फोन बंद पडेल. न सांगावं, तर हा माणूस काळजीने झिजून जाईल. शेवटी गोळीचं पारडं जड झालं. पोचले त्याच रात्री मी खाली गेले. वहिनी सईचा अभ्यास घेत होत्या. भाऊजी अंगणात खुर्ची टाकून मोबाइल मांडीवर घेऊन बसले होते.

"भाऊजी, एक सांगायचंय. ती मोटार..."

"ऑटोचं म्हणताय?" ते म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"तो बसवणारा दुकानदार माझा वर्गमित्र आहे, वहिनी. बसवला त्याच दिवशी त्याने मला फोटो पाठवला होता."

"मग हे सगळं कशासाठी? ती गोळी? त्या येरझाऱ्या?"

"बिबट्या खरा आहे ना. कुत्रं खरंच गेलं. अण्णा रात्री दोनदा गोठ्यात उठून जातात, ते मला सांगत नाहीत. काळजी काही खोटी नाही." ते मोबाइलकडे बघत बोलत होते, अगदी अण्णांसारखेच. "पण ऑटोचं मला माहितीये असं म्हटलं, तर ते म्हणतील, मग झालं तर, ठेव फोन. आई गेल्यावर आम्हा दोघांना बोलताच येत नव्हतं, वहिनी. काय बोलायचं तेच कळायचं नाही. आता बिबट्यावरून सुरू होतं आणि कुठेही जातं. परवा म्हणाले, तू पहिल्यांदा विमानाने गेलास त्या रात्री मी गोठ्यात जाऊन झोपलो होतो, घरात झोप येईना. वीस वर्षांनी कळलं मला हे."

रागवणार होते, तो राग कुठे गेला कळलं नाही.

"अण्णांना सांगू नका हं, मला माहितीये ते," भाऊजी म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी घाईने उचलला, घाईत स्पीकरवरच पडला.

"दिल्या, आज दिसला रं," अण्णांचा आवाज आला. "मोटारीकडं चाललो व्हतो, तुझ्या त्या यंतरातून बघितलं. बांधावर बसला व्हता. म्हातारा हाय बहुतेक."

"म्हातारा कशावरून, अण्णा?"

"येकलाच व्हता. कुठं जायची घाई न्हवती त्याला."

भाऊजींनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मला हाताने 'थांबा' म्हणाले की 'जा' म्हणाले, ते मला समजलं नाही. मी जिन्याकडे वळले.

"जवळ जाऊ नका त्याच्या."

"न्हाई जात. लांबनंच बघतो. तू नीज आता, सकाळी हापिस असंल."

"नाही हो, झोप नाही आली," भाऊजी म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून मोबाइलवर वाकले. "मग? मग काय केलं त्याने?"