मागच्या डाव्या चाकाची वाटणी

रणधीर मोरबाळेच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकानं वेगळं राहायचा अर्ज दिला, आणि करंजोळे गावच्या तंटामुक्ती समितीपुढं तो चौथा लागला, कारण त्याच्या आधी बांधाच्या भांडणाचे तीन अर्ज आलेले होते. चाक आहे म्हणून त्याला कुणी पुढं घेतलं नाही आणि मागंही ढकललं नाही. करंजोळ्यात तशी पद्धत नाही.

समितीच्या अध्यक्ष शालन सावर्डेकर, म्हणजे साऱ्या गावाच्या शालनआक्का. वाटण्या करण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. भावाभावांचं पटेनासं झालं की लोक वकिलाकडं जायच्या आधी आक्कांच्या सोप्यात येऊन बसायचे. त्यांचे नियम दोनच होते. भिंत घालायची तर खुशाल घाला, पण भिंतीत दार ठेवा, हा पहिला. आणि निवाडा देणाऱ्यानं नव्या चुलीवरचा पहिला घास स्वतः खायचा, हा दुसरा. या दुसऱ्या नियमापायी आक्कांनी आयुष्यात बरंच खारट खाल्लं होतं. पण त्यांच्या शब्दाला गावात जी किंमत होती, ती त्याच मिठाची होती.

चाकाला पंचायतीच्या पायऱ्या चढणं गैरसोयीचं होतं, म्हणून समितीच खुर्च्या घेऊन चौकात आली. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. रणधीर गाडीला टेकून उभा होता. ही गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. मुळातली साधी पांढरी गाडी, पण तिला त्यानं खाली बसवलं होतं, काळ्या जाळ्या लावल्या होत्या, आवाज वाढवला होता आणि चारही चाकांना रुंद टायर घातले होते. गावात शिरली की म्हातारी माणसं कानावर हात ठेवायची आणि पोरं तिच्यामागं धावायची.

"तक्रार काय?" आक्कांनी विचारलं.

"अंगाला अंग घासतंय, आक्का," चाक म्हणालं. "ह्या रणधीरनं दिवाळीत रुंद टायर घातला. अंग फुगलं, पर घर तेवढंच ऱ्हायलं. मागं माणसं बसली की आतल्या बाजूला घासतंय. सोसायचं तरी किती?"

"भांड्याला भांडं लागायचंच की रे."

"लागू दे की. पर रोजच्या रोज ऐकून कोण घेणार? मला बोटभर बाहेर सरकू द्या. न्हाईतर मी माझ्या वाटंनं जाईन."

"कुटं जाशील?"

"बावड्याच्या घाटात उतार लई चांगला हाय," चाक म्हणालं.

बावड्याच्या घाटातून कोण जाणार होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. रणधीरची बायको केतकी सात महिन्यांची गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिचं माहेर घाटाखाली. तिला सोडायचं ते याच गाडीतून. त्यातून पुढच्या बाजूला रणधीरनं शर्यतीच्या गाडीत असतात तशा खोलगट सीटा बसवलेल्या; त्यांत केतकी आता मावत नव्हती. ती मागं बसायची, डाव्या अंगाला. म्हणजे नेमकी अर्जदाराच्या डोक्यावर.

"दुसरी गाडी सांगा भाड्यानं," रणधीरचे वडील भीमराव म्हणाले. "ह्या चाकाच्या नादाला लागू नका."

"सांगा की," चाक म्हणालं. "दुसऱ्या गाडीची चाकं बोलत न्हाईत, म्हणून ती सुखात हायेत असं समजू नका म्हंजे झालं."

आक्कांनी पदर खोचला. त्यांना अशा वेळी भीती वाटत नसे. उलट अंगात बळ यायचं. केतकी सुखरूप माहेरी पोचली पाहिजे आणि चाकाचंही समाधान झालं पाहिजे, एवढीच तर गोष्ट होती. याहून किचकट वाटण्या त्यांनी चहा निवायच्या आत मिटवल्या होत्या.

मग रीतीप्रमाणं इतरांची म्हणणी घेतली. मागचं उजवं चाक म्हणालं की त्याला बाहेर सरकायची अजिबात हौस नाही. त्याला समजावलं गेलं की एक भाऊ वेगळा निघाला की दुसराही आपोआप वेगळा होतो. एकाच अंगाला अंतर वाढलं तर गाडी तिरकी ओढायला लागेल. ते गप्प झालं, पण खूश दिसलं नाही. आतलं बेरिंग वयानं सगळ्यांत थोरलं. ते म्हणालं, "ओझं तेवढंच ऱ्हानार, ते मला मान्य हाय. पर हातातली घागर छातीशी धरणं येगळं आन् हात लांब करून धरणं येगळं. बोटभर म्हंजे बोटभरच. टीचभर म्हणाल तर मला जमायचं न्हाई. आन् अधूनमधून माझी विचारपूस करत जावा." भाऊसाहेबांनी शेवटी आपलं म्हणणं मांडलं. चाक मडगार्डच्या आत आहे तोवर प्रकरण समितीचं. मडगार्डच्या बाहेर दिसलं की ते आरटीओच्या हद्दीत जातं, आणि तिथं आक्कांचं काही चालणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता मध्ये कोण राहणार, एवढंच ठरायचं होतं. रणधीरनं लगेच खिशातून लाल रंगाची एक चकचकीत चकती काढली. स्पेसर. हब म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो आसाचा गड्डा; त्याच्या आणि चाकाच्या मध्ये हा बसतो आणि चाकाला बाहेर सरकवतो. त्यानं तो मोबाईलवरून मागवला होता, जोडीच्या जोडी, घरपोच.

"तू कुणाच्या बाजूचा?" आक्कांनी त्याला विचारलं.

"मी कुणाच्याच बाजूचा न्हाई," स्पेसर म्हणाला. "हबशी माझा संबंध न्हाई, चाकाशी बी न्हाई. मी आपला मदी."

समितीला हे उत्तर फार आवडलं. तंट्यात निःपक्षपाती माणूस मिळणं म्हणजे दुधात साखर. वाटणीच्या वेळी आक्का नेहमी असाच माणूस शोधायच्या, ज्याची कुणाच्या चुलीशी ओळख नाही असा. त्यांनी दोन्ही बाजूंना तोच लाल स्पेसर मंजूर केला, रणधीरनं जोडी बसवली, आणि आक्का पहिल्या घासाच्या नियमाप्रमाणं स्वतः मागच्या सीटवर डाव्या अंगाला जाऊन बसल्या. केतकी म्हणाली, "आक्का, मी येऊ का?"

"तू न्हाई. खारट हाय का अळणी ते आदी मला बगू दे."

गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला लागली. गावाबाहेर पडेपर्यंत सगळं छान होतं. रणधीरनं वेग वाढवला तशी आक्कांच्या बुडाखालून बारीक थरथर सुरू झाली. ती आधी मांड्यांत आली, मग जबड्यात, आणि मग त्यांचा चष्मा नाकावर वाजायला लागला.

"क-काय चाललंय रं?" आक्कांनी खाली वाकून विचारलं.

"ह्यो मदला कुटंच टेकलेला न्हाई, आक्का!" चाक ओरडलं. "ह्येचं मदलं भोक मोठं हाय, हबला चिकटतच न्हाई. ह्येच्या तोंडाला कड न्हाई, म्हंजे मला टेकायला जागा न्हाई. सगळा भार नटांवर आलाय, आन् नटाला आटे पुरंनात! असंच ऱ्हायलं तर मी रागानं न्हाई, नाइलाजानं जाईन!"

"मी आधीच सांगितलं होतं, माझा कुणाशी संबंध न्हाई," स्पेसर शांतपणे म्हणाला.

रणधीर पांढराफटक पडला. आक्का नाही पडल्या. "थांबव गाडी," त्या म्हणाल्या. "हळू वळीव आन् चालत्या माणसाच्या चालीनं घरला चल. निवाडा चुकला. दुसरा देऊ." चुकलेला निवाडा परत घेताना त्यांचा आवाज जराही खाली आला नाही. चुकीला घट्ट धरून बसणं ही त्यांच्या मते पुरुषमाणसांची खोड होती.

परत आल्यावर समिती पुन्हा चौकात बसली. रणधीर मान खाली घालून उभा होता. "माझंच चुकलं," तो म्हणाला. "रुबाबापायी केलं. केतकी आत असती तर..." भीमरावांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. आक्का मात्र उतरवलेला लाल स्पेसर हातात घेऊन उलटसुलट करत होत्या. याच्यात चूक काय होती, हे त्यांना कळत नव्हतं. निःपक्षपाती तर होता.

केतकी पायरीवर बसली होती. तिला उभं राहायला आता वेळ लागायचा, म्हणून ती बसूनच बोलली.

"आक्का, एक बोलू? मी या घरात आले तेव्हा सासूबाई आणि माझी आई यांच्यात मानपानावरून बोलणं बंद झालं होतं. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? मीच मिटवलं न्हवं का?"

"तुम्ही माणूस पाठवला होता, दोघींशी ज्याची ओळख नाही असा. तो चहा पिऊन गेला. मिटलं ते नंतर, माझ्यामुळं. इथली भाकरी मी तिकडं नेली, तिकडची फणसाची सांदणं इकडं आणली. मी कुणाची नाही, असं म्हणून मिटलं नसतं. मी दोन्ही घरांची आहे, पुरती. म्हणून तर मध्ये असून पडत नाही."

आक्कांनी लाल स्पेसर रणधीरच्या हातात परत दिला. इतक्या वर्षांच्या वाटण्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या, आणि ज्या टिकल्या त्यांच्या मध्ये कोण होतं तेही त्यांना आठवलं. कुणाची सून, कुणाची आत्या, कुणाचा दत्तक गेलेला भाऊ. केतकीकडं बघून त्यांना भरून आलं. "माझी बाई, तू आदी का बोलली न्हाईस?" त्या म्हणाल्या.

"आधी कुणी विचारलं नाही," केतकी म्हणाली.

रणधीर त्याच पावली कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेला. तिथल्या यासीन मिस्त्रीचा हात लेथवर बसलेला. यासीननं लाल चकती बघितली, हसला आणि भंगाराच्या डब्यात टाकली. "भावा, रंग बगून पावणा ठरीवलास व्हय?" असं म्हणत त्यानं गाडीची मापं घेतली आणि नवी जोडी घडवली. यांचं आतलं तोंड हबवर गच्च बसत होतं. बाहेरच्या तोंडाला उभी कड होती, तिच्यावर चाक येऊन टेकत होतं. नवा स्पेसर आपल्या नटांनी हबला बांधलेला, आणि चाक त्याच्याच स्टडवर, म्हणजे बाहेर आलेल्या बोल्टांवर बांधायचं, पुऱ्या आट्यांनिशी. जाडी बोटभर. मडगार्डच्या बाहेर काही दिसत नव्हतं, हे भाऊसाहेबांनी स्वतः ओळंबा सोडून पाहिलं.

"तू कुणाचा?" आक्कांनी नव्या स्पेसरला विचारलं.

"हबचा," तो म्हणाला. "आन् चाकाचा."

"चल," आक्का म्हणाल्या आणि पुन्हा मागच्या सीटवर डाव्या अंगाला जाऊन बसल्या. या वेळी कोल्हापूर रस्त्याला रणधीरचाच पाय वेगावर जाईना, तेव्हा आक्कांनी त्याला दामटलं. चष्मा नाकावर जागच्या जागी राहिला. परतताना यासीनच्या दारात थांबून त्यांनी नट तपासायला लावले. पाना लावला तसा प्रत्येक नट जरासा फिरला आणि मग घट्ट बसला. रणधीर घाबरला, पण आक्कांना हे नवं नव्हतं. नवीन संसार लावून दिला की पंधरा दिवसांनी त्या चहाचं निमित्त काढून जातच असत. सगळं जागच्या जागी बसायला थोडं चालून यावं लागतं.

मग केतकी निघाली. पुढं रणधीर, मागं डावीकडं केतकी आणि तिच्या शेजारी आक्का. भीमरावांनी डिकीत गुळाची ढेप ठेवली. बावड्याला घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवून रणधीरनं स्वतः चाकापाशी उकिडवं बसून नट पुन्हा आवळले. या खेपेला एकही फिरला नाही.

घाट सुरू झाला. उजवीकडं डोंगर, डावीकडं खाली खोल हिरवी दरी. दरीच्या बाजूला केतकी, आणि तिच्या खाली ते चाक. पहिल्या वळणावर तिनं आक्कांचा हात घट्ट धरला. आक्का खाली वाकल्या.

"हायेस का रे?"

"हाय," चाक म्हणालं.

दुसऱ्या वळणावर त्यांनी परत विचारलं आणि चाक परत म्हणालं, हाय. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. केतकी हसली, आणि पुढच्या वळणांना आक्कांनी विचारायच्या आधीच ते खालून सांगायला लागलं. रणधीर आरशातून मागं बघत होता. गाडीचा आवाज त्यानं कधी कमी केला होता, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

घाटाखाली केतकीच्या आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. केतकीच्या पायावर पाणी घातलं, आक्कांच्या पायावर घातलं, आणि तांब्यात उरलेलं चाकावर ओतलं. चाकानं संकोचानं "कशाला, कशाला" म्हटलं, पण ते त्याला आवडलं होतं.

मुलगी झाली, आणि ती सव्वा महिन्याची झाल्यावर केतकी तिला घेऊन त्याच गाडीतून घरी आली. घाट चढायच्या आधी रणधीरनं नट तपासले. आक्का या वेळी बरोबर नव्हत्या. त्या गावात बांधाच्या पाचव्या अर्जावर बसल्या होत्या. पहिल्या वळणावर मुलगी दचकून रडायला लागली. केतकीनं तिला छातीशी धरलं आणि खाली वाकून विचारलं, "आहेस ना?"

"हाय की," चाक म्हणालं. "तुमी निजा."

मग दोघी निजल्या.