सहावी पायरी

"अर्धी परभणी ह्या हातानं उभी केलीय," हे आबासाहेब मिस्त्रींचं वाक्य कावेरीने लग्न होऊन आल्यापासून इतकं ऐकलं होतं, की उरलेली अर्धी कुणी बांधली, याचंच तिला कुतूहल वाटायचं. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी सासऱ्यांचा काचबिंदू तपासून, "दिवाळीपर्यंत जे बघायचं ते बघून घ्या," असं सांगितलं, आणि तिने बेत आखला. रविवारी बजरंगची रिक्षा ठरवायची, आबांना त्यांची नामी घरं दाखवून आणायची. पिशवीत डोळ्यांचे थेंब, पाण्याच्या दोन बाटल्या, तीन वर्षांच्या लेकीचे, भक्तीचे जादा फ्रॉक. काही विसरायला जागाच ठेवली नव्हती.

त्या घरांत माणसं राहतात, एवढंच विसरली.

पहिलं घर व्यंकटरावांचं. मुलगा दुबईला गेला म्हणून त्यांनी दर्शनी भिंतीत विमानाच्या आकाराची खिडकी करवून घेतली होती. आबा चष्मा सरकवून बघतायत, तोच व्यंकटराव बनियनवर बाहेर आले.

"मिस्त्री, बारा वर्षं झाली शोधायलोय तुम्हाला. ह्या खिडकीला झडप कोण बनवणार? दरसाल शेपटीकडून पाऊस आत येतो."

"विमान तुमीच मागितलं, साहेब."

"मग मी भिजत बसू?"

रिक्षा पुढे निघाली, तर व्यंकटराव स्कूटरवर मागे. दुसरं घर परमेश्वर शेटजींचं. त्यांची गॅलरी कमळाची, आणि पाकळ्यांत पाणी साचून डास झालेले. "दोघं मिळून विचारू," म्हणत शेटजीही स्कूटरवर बसले. रिक्षाच्या आरशात कावेरीला ती वरात दिसत होती. शेजारी आबा आक्रसत चालले होते. सकाळी ताठ बसलेला माणूस दुपारपर्यंत भक्तीएवढा झाला.

"घरी जाऊ का, आबा?"

"एकच राहिलं. सुलाबाईचं. गोल जिना हाय तिथं. लय देखणा."

सुलाबाई एकट्याच राहत. जिना खरोखर देखणा होता, शंखासारखा वळत गेलेला. चढताना सहाव्या पायरीवर आबा ठेचकाळले. मग व्यंकटराव. मग शेटजी, व्यंकटरावांच्या पाठीवर.

"ही पायरी दोन बोटं उंच हाय," व्यंकटराव गुडघा चोळत म्हणाले. "घ्या. इथंही तेच."

आबा तिथंच खाली बसले. "चुकलंच, बाई. नीट करून देतो. डोळे हायत तवर."

"हात लावू नका," सुलाबाई म्हणाल्या. "आमचे मालक तीस वर्षं तिथं पाय उचलायचे. शेवटी बोलणं गेलं, माणसं ओळखू येईनात. पण धरून चालवलं की सपाट फरशीवरही सहाव्या पावलाला पाय बराबर उंच. तवा मला कळायचं, ह्यांना आपलं घर अजून ठाऊक हाय."

पावसाचा आणि डासांचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. आबांनी डोळे मिटून त्या पायरीवरून तळहात फिरवला.

संध्याकाळी भाड्याच्या घराचा जिना चढताना कावेरीच्या कडेवर भक्ती होती, एका हातात आबांचा दंड. ती मोजत होती. चार, पाच, सहा. सहाव्याला आबांनी पाय चांगला उंच उचलला आणि ते भिंतीवर आदळले. कावेरीचाही पाय उगाच उंच पडला. खांद्यावरची पिशवी गडगडत खाली गेली.

"लागलं का, आबा?"

"न्हाई." त्यांनी भिंत चाचपली, मग पायरी. "कुण्या गवंड्यानं बांधलाय ग ह्यो जिना? समद्या पायऱ्या सारख्याच. माणसानं ध्यानात काय ठेवायचं?"